भगवंतरावांचं मौन

"ब्लडप्रेशर म्हणजे का मोठं! आठ दिवसांत खाली आणून दाखवतो!" दवाखान्यातून घरी येताच भगवंतरावांनी जाहीर केलं.

सौंसरच्या तहसील कचेरीतले ते कारकून. पेन्शन अगदी तोंडावर आलेली. डॉक्टर म्हणाले होते, मीठ कमी करा, तंबाखू सोडा, कोणाशी वाद घालू नका. पण भगवंतरावांना अर्धवट काही जमतच नसे. त्यांनी मीठ पार बंद केलं आणि वादच नको म्हणून बोलणंही बंद केलं!

"तुमी? दुपारवरी तरी टिकान का?" त्यांच्या पत्नी नलिनीबाई हसल्या.

झालं! आता जीव गेला तरी बोलायचं नाही!

रजा टाकून ते ओट्यावर बसले. पण चैन कुठलं? तंबाखूवाचून दाढा शिवशिवत होत्या. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला चार शब्द सुनावावेत असं वाटत होतं. उतू जाणाऱ्या दुधावर कोणी झाकण दाबून धरावं, तशी गत!

शेजारचे भैय्याजी आले. "राम राम जी! काहून गप्प?"

"त्यायनं मीठ सोडलं, अन् बोलणंबी सोडलं," नलिनीबाई आतून म्हणाल्या.

साल छप्पन. नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि सौंसर मध्य प्रदेशातच राहणार, यावरून मराठी सौंसर चौकाचौकात तापलेलं. भैय्याजींनी वाकून थेट पायच धरले. "सौंसरसाठी उपोषण! अन् आमाले पत्ता नाई!"

भगवंतरावांनी जोरजोरात हात हलवले.

"पाहा, मध्य प्रदेश नाई पायजे म्हणून राहिले!"

त्यांनी छातीवर हात ठेवून बोट वर वर नेलं. दाब चढतो हो!

"वरपर्यंत कळवा म्हणते!"

दुपारपर्यंत ओट्यापुढे जत्रा! बोरगावहून बैलगाड्या आल्या, डफ आला, हार पडले. सरकारी नोकर आणि आंदोलनात! भगवंतरावांना पेन्शन पळताना दिसू लागली. तेवढ्यात नव्या तहसीलदारांची जीप थांबली.

मौन गेलं चुलीत! भगवंतराव ताडकन उठले. "साहेब, मले ब्लडप्रेशर हाय!"

पण घोषणांत ऐकतो कोण?

"काय म्हणतात?" साहेबांनी विचारलं.

"प्राण गेला तरी हटणार नाई म्हणते!" भैय्याजी ओरडले.

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी हात जोडले. "आपल्या भावना वर कळवतो. उपोषण सोडा." मग जरा निरखून म्हणाले, "आपल्याला कुठंतरी पाहिलंय."

भगवंतरावांनी झटकन हार नाकापर्यंत ओढले आणि सकाळी चार भाकरी चेपलेल्या पोटात, कोणीतरी पुढे केलेला संत्र्याचा रस हारांआडूनच एका दमात ओतला. टाळ्यांचा नुसता कडकडाट!

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची पाच-सात माणसं दारात. "आमच्या ठेसनावर मेल गाडीले थांबा पायजे जी. चार दिवस येऊन बसा. तुमाले अनुभव हाय!"

भगवंतराव तोंड उघडणार, तोच नलिनीबाई आतून म्हणाल्या, "घेऊन जा जी! अन् वापस आनाची घाई नोका करू!"