माझं ताट मीच घासणार!

मंडळी, परदेशात राहून माणूस सुधारतो म्हणतात. मी तर इतका सुधारलो होतो की माझा मलाच हेवा वाटायचा! तीन वर्षं कार्डिफच्या गोदीत काम केलं, एका म्हाताऱ्या मडमेच्या घरी भाड्यानं राहिलो. तिचा नियम एकच, ज्याचं ताट त्यानं घासायचं. पहिला महिना नुसता धुमसलो. मग हात वळला. आणि मग लाज वाटायला लागली, की तीस वर्षं आपण जेवून खुशाल उठत होतो! ठरवलं, घरी गेलो की राहीला दाखवायचं, तुझा नवरा माणसात आलाय!

एकोणसाठच्या मे महिन्यात आगरदांड्याला घरी आलो. सुक्या बोंबलाचं कालवण चापून हाणलं, ताट उचललं आणि मागच्या दारी राख नि काथ्या घेऊन बसलो.

राही पाणी घेऊन आली ती खांबासारखी उभीच राहिली.

“माजं काय चुकलं?”

“काही नाही गं! माझं ताट मी घासतोय.”

“माज्या हातची भांडी बी नको झाली व्हय?” आणि पदर तोंडाला लावून आत!

आई धावत आली. “हरेश्वर, ठेव ते! मानसं बगतात!”

“बघू देत! तिकडे सगळे घासतात.”

“म्हंजे तू तिकडं भांडी घासायला होतास? नि आमाला गोदी सांगितलीस?”

कुंपणापलीकडे शेजारची काशी मासळी वाळत घालत होती. ती हात तसाच धरून ऐकत राहिली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, हरेश्वर मडमेकडे भांडी घासायला होता! दुसऱ्या दिवशी मडमेशी माझं लग्नही लागलं, म्हणून म्हणे राहीच्या हातचं चालत नाही!

भेटेल त्याला मी ओरडून सांगत सुटलो, “अहो, मडम सत्तर वर्षांची आहे!”

“म्हंजे हाय तर!” लोक म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दिघीहून होडीनं सासरे आले, गुणाजीबुवा. बरोबर चार भाऊबंद! राही गाठोडं बांधून ओटीवर बसलेली.

“जावईबापू, पोर जड झाली असंल तर सरल सांगा. ही भांड्याची थेरं कशाला?”

“अहो, तिला कष्ट पडू नयेत म्हणून घासलं हो!” मी अक्षरशः किंचाळलो. “तीन वर्षं हिनं एकटीनं सगळं ओढलं! ते मला तिकडे गेल्यावर कळलं! आता कळलं हा गुन्हा झाला का?”

राहीनं मान वर केली.

“माज्यासाठी घासलंत?”

“नाहीतर काय गावासाठी?”

“मग त्याच दिवशी का न्हाय सांगितलंत?”

“सांगू दिलं का कुणी!”

तिनं गाठोडं आत नेलं. डोळे पुसत, हसत चूल पेटवली. पाचही पाहुणे पोटभर जेवले, बोटं चाटत उठले. एक भाऊबंद सवयीनं ताट सरकवायला लागला, तेवढ्यात राही म्हणाली, “काका, ऱ्हाऊ द्या तिथंच. आज हे घासनार हायत!”

आठ ताटं, दोन टोप आणि एक तवा. सासरेबुवा विडी पेटवून माझ्या डोक्याशी येऊन उभे राहिले.

“जावईबापू, टोपाच्या बुडाला राख जरा जास्त लावा.”

लावली!