गड्डा न धरलेला कोबी

सासूबाईंच्या वाढदिवसाला जेवण झाल्यावर मी गप्प बसलो असतो तर पुढचं काही झालंच नसतं. पण त्या दिवशी कलिंगड फार गोड निघालं होतं, आणि ऑगस्टच्या उकाड्यात गार, गोड कलिंगड खाल्लं की आपल्या हातून काहीही होऊ शकेल असं मला वाटायला लागतं.

विषय निघाला हिवाळ्याच्या किमचीचा, म्हणजे कोबीच्या आंबट-तिखट लोणच्याचा. दरवर्षी थंडी पडायच्या सुमारास आम्ही सगळे सासूबाईंकडे जमतो, शनिवारी कोबीला मीठ लावून ठेवतो, रविवारी मसाला भरतो आणि आपापले डबे भरून घरी नेतो. (मी आजवर फक्त डबे धरले आहेत. पण सरळ धरले आहेत.) माझे थोरले साडू ग्वाक, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, म्हणाले, "आई, यंदा मीठ लावलेला तयार कोबीच मागवू. खोक्यातून घरपोच येतो. आता सगळे तेच करतात."

सासूबाईंनी कलिंगडाची बी ताटलीत टाकली. "घरचा कोबी तो घरचा," त्या म्हणाल्या.

"पण घरचा आता पिकवतो कोण?"

"मी पिकवतो," मी म्हणालो.

माझी बायको जोंग-रान माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी विमान चालवतो म्हणालो होतो. पण मला आधार होता. आमच्या वोन्जू शहरात नदीकडेला नगरपालिका हौशी लोकांना भाज्यांसाठी वाफे देते. त्यातला एक मी वसंतात घेतला होता आणि त्यात लेट्यूस पिकवलं होतं. (लेट्यूसकडे पाठ करून उभं राहिलं तरी ते येतं, हे मला नंतर कळलं.)

"जावईबापू, नक्की ना?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, तुम्ही मिरचीचं बघा. कोबी माझ्यावर सोडा."

कोबीची रोपं ऑगस्टअखेर लावायची असतात. एका रविवारी पाऊस होता, पुढच्या रविवारी ऑफिसची सहल, मग सणाची गर्दी. मी रोपं लावली तेव्हा शेजारच्या वाफ्यातल्या जिनबाईंच्या कोबीची पानं माझ्या तळहाताएवढी झाली होती. त्यातून मी रोपं दाटीवाटीनं लावली. एकमेकांच्या सोबतीनं वाढतील असं वाटलं. पाणी मात्र घालायचं राहून जायचं. (मी नगरपालिकेच्या पाणीखात्यात कारकून आहे. यावर ऑफिसात जे बोललं गेलं ते इथे सांगत नाही.)

"कोबी काय म्हणतोय?" जोंग-रान अधूनमधून विचारायची.

"वाढतोय," मी सांगायचो.

आणि ते खोटं नव्हतं. फक्त तो आडवा वाढत होता. आमचा किमचीचा कोबी लांबट असतो, पानं मिटून गच्च गड्डा धरतो. माझ्या कोबीची पानं वादळात उलटलेल्या छत्रीसारखी पसरलेली. मी ती पेंढ्यानं बांधून पाहिली, तर पेंढा सोडताच ती पुन्हा आळस दिल्यासारखी उघडली.

ठरलेल्या शनिवारच्या आदल्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. "उद्या वाफ्यावर मी स्वतः येते. कोबी माझ्या हातानं कापायचाय. ग्वाक पण येतायत, व्हिडिओ काढायचा म्हणतायत."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बाजार गाठला.

"कोबी कशाला हवाय?" भाजीवालीनं विचारलं.

"लावायला," माझ्या तोंडून निघून गेलं.

"काय लावायला? मीठ की मसाला?"

"दोन्ही," मी म्हणालो.

गाडीची मागची सीट, डिकी आणि माझ्या शेजारची जागा कोबीनं भरली. शेजारच्या कोबीला मी सीटबेल्टही लावला, कारण त्याशिवाय गाडी ओरडायची थांबेना. वाफ्यावर आलो, माझा स्वतःचा सगळा कोबी उपटला, अवजारांच्या खोपटामागे नेला आणि वर ताडपत्री टाकली. मग त्याच खड्ड्यांत बाजारचा एकेक गड्डा उभा करून भोवती माती दाबली. तरी चित्र पटेना. बाजारचा कोबी बाहेरची पानं काढून टाकलेला, गुळगुळीत, आंघोळ करून बसल्यासारखा. म्हणून ताडपत्रीखालची रुंद पानं आणून मी प्रत्येकाभोवती खोचली आणि पेंढ्यानं बांधली. मागे होऊन पाहिलं, तर क्षणभर मलाच वाटलं, काय कोबी पिकवलाय मी.

जिनबाई पाण्याची झारी घेऊन कधी आल्या होत्या कळलं नाही.

"सकाळी इथे दुसरा कोबी होता," त्या म्हणाल्या.

"भरला," मी म्हणालो.

"दुपारभरात?"

"थंडी आहे ना."

त्यांनी आपल्या वाफ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पाणी घालायला लागल्या. रात्री मला झोप लागली नाही. किमची बिघडली तर निदान मसाल्याला दोष देता येतो. इथे तीन घरांच्या वर्षभराच्या जेवणाचा प्रश्न होता, आणि मी मातीत बाजार पेरून आलो होतो.

शनिवारी सासूबाई आल्या त्या गुडघ्यापर्यंत बूट, डोक्याला रुमाल आणि हातात घरचा लांब सुरा अशा. मागे साडू मोबाइल समोर धरून चालत होते. त्यांच्यामागे दोघी बहिणी, टोपल्या घेऊन.

साडूंनी वाफा पाहिला आणि त्यांचा मोबाइल खाली आला. "प्यो, हे तू पिकवलंस?"

"तुमच्या आशीर्वादानं, दादा." मी घाईनं पुढे झालो. "आई, तुम्ही बसा, मी कापतो. जमीन ओली आहे, पाय घसरेल."

"माझा पाय तुमच्याआधीपासून जमिनीवर आहे," असं म्हणून सासूबाई ओणव्या झाल्या. गड्डा कापताना तो एका हातानं कलता करायचा आणि बुडाशी सुरा घालायचा. त्यांनी कलता केला. गड्डा टोपी काढल्यासारखा अलगद हातात आला.

सासूबाईंनी बूड पाहिलं. तिथे मुळाचा पत्ता नव्हता, आदल्या दिवशीचा सुकलेला स्वच्छ काप होता. खोचलेलं एक पान गळून त्यांच्या बुटावर पडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ढगांकडे पाहिलं.

"काय झालं आई?" मागून साडूंनी विचारलं.

"माती," सासूबाई म्हणाल्या, "फार भुसभुशीत केलीय जावईबापूंनी. सुरासुद्धा लागत नाही." आणि तो गड्डा त्यांनी बूड खाली करून टोपलीत ठेवला. "ग्वाक, तुम्ही गाडीतून मोठे टब आणा. आणि पोरींनो, तुम्ही पण जा, त्यांना एकट्याला उचलवणार नाहीत."

सगळे बांधापलीकडे गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"कुठून आणलात?"

"जुन्या बाजारातून."

"दाबून बघून घेतलात?"

"हो."

"बरं केलंत. चांगले आहेत." त्यांनी दुसरा गड्डा उचलून जमिनीत उरलेला खड्डा बुटानं बुजवला. "बघत काय उभे राहिलात? ते यायच्या आत उचला सगळे."

आम्ही दोघांनी मिळून भराभर वाफा रिकामा केला. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "आई, तुम्ही मला सांभाळून घेतलंत. मी कसं..."

"तुम्हाला कशाला सांभाळून घेऊ?" सासूबाई म्हणाल्या. "ऑगस्टपासून मी त्या ग्वाकना 'घरचा कोबी तो घरचा' म्हणून ऐकवतेय. आता बाजारचा निघाला तर ते अख्खा हिवाळा मला ऐकवतील. तुमची लाज गेली तर गेली, माझी का जावी?"

इतकं हलकं मला परीक्षेचा निकाल लागल्यावरही वाटलं नव्हतं.

"आणि तुमचा कोबी कुठाय?"

मी त्यांना खोपटामागे नेलं आणि ताडपत्री उचलली. त्या गुडघे मोडून बसल्या, मधलं एक कोवळं पान तोडून त्यांनी तोंडात टाकलं आणि बराच वेळ चावत राहिल्या. मग दुसरं तोडलं.

"हे टाकून देणार होता?"

"गड्डा धरला नाही ना त्यानं."

"गड्डा नसेना का, दव खाऊन साखर झालीय. कोवळं ताजं मसाल्यात कालवू. बाकीचं उकळून वाळवू." तेवढ्यात साडू टब घेऊन आले. सासूबाई उठल्या आणि त्यांना सांगितलं, "हे बघा, जावईबापूंनी सुकवायच्या पानांसाठी वेगळा कोबी केलाय." साडूंनी त्याचाही व्हिडिओ काढला.

रविवारी संध्याकाळी सगळे डबे भरल्यावर आम्ही उकडलेलं डुकराचं मांस नव्या किमचीत गुंडाळून खायला बसलो. साडूंनी पहिला घास चावला आणि डोळे मिटले. "प्यो, मी हरलो. बाजारच्या कोबीला ही चव येत नाही." सासूबाईंना जोराचा ठसका लागला. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी पेल्याआडून माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मग आम्हाला दोघांनाही ठसका लागला.

माझ्या कोबीची पानं सासूबाईंच्या बाल्कनीत दोरीवर वाळली आणि जानेवारीत आंबवलेल्या सोयाबीनच्या सारात पडली. त्या साराची तारीफ शेजारपाजारी गेली. सासूबाईंच्या मैत्रिणी पानं मागायला येऊ लागल्या, आणि एक जुडी तर साडूंच्या आईकडे भेट म्हणून गेली. माझ्या हातचं काही कुणाकडे भेट म्हणून जाण्याची ही पहिलीच वेळ.

त्या कौतुकानं मला हुरूप आला. पुढच्या वर्षी मी जिनबाईंना विचारून रोपं वेळेवर लावली, अंतर ठेवून लावली, ऑफिसात जायच्या आधी रोज पाणी घातलं, अळ्या हातानं वेचल्या. नोव्हेंबरात माझा प्रत्येक गड्डा असा गच्च होता की बोटानं दाबला तर बोट दुखावं. मी अभिमानानं सासूबाईंना घेऊन आलो. त्यांनी एक गड्डा दाबून बघितला, मग दुसरा, मग वाफ्याच्या टोकापर्यंत चालत जाऊन खोपटामागेही डोकावून आल्या.

"पानांचा कुठाय?"

"आई, यंदा सगळ्यानं गड्डा धरला," मी म्हणालो.

सासूबाई मटकन बांधावर बसल्या. "गड्ड्याचा कोबी ग्वाकनी परवाच मागवलाय हो, खोक्यातून. तुमचा काही गड्डा धरायचा नाही म्हणून मीच हो म्हटलं. मी अख्ख्या बिल्डिंगला पानं कबूल करून बसलेय." त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला. "जावईबापू, तुमच्यावर विसंबून काही ठरवायची सोयच नाही."