आईचा रकाना

मुलींना धोका नेहमी बाहेरून येतो, हे आतल्या लोकांनी फार पूर्वीच ठरवून टाकलं आहे. म्हणूनच इजिप्तमधल्या सोहागजवळच्या एका गावात मुलींच्या शाळेने सुरक्षा समिती नेमली आणि समितीने चहाचा दुसरा ग्लास संपायच्या आत ठराव केला: विद्यार्थिनींनी शाळेच्या टॅबवरून फक्त यादीतल्या माणसांशी बोलावं. उरलेलं जग बाहेरचं. घरातले मोबाइल पालकांनी काढून घ्यावेत. (घेतले. मुलींचे. मुलग्यांना कसला आलाय धोका?)

यादीसाठी छापील अर्ज निघाला. वडील, काका, मामा, भाऊ, आई. नाव आणि नंबर. आता त्या गावचा पुरुष चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. 'आमची मंडळी' म्हणतो, 'पोरांची आई' म्हणतो. तेच नाव तो कागदावर लिहून शिपायाच्या हातात देईल? सगळे रकाने भरले, आईचा कोरा. समितीने नियमावर बोट ठेवलं: नाव नाही, ती व्यक्ती बाहेरची. विद्यार्थिनी तीनशे साठ, मान्यताप्राप्त आप्त सातशे एक्याण्णव, त्यात आया चार. (चौघीही विधवा. त्यांचं नाव झाकायला घरात कुणी उरलं नव्हतं.)

तेरा वर्षांच्या हनादीची आई कुवेतला नर्स. बाप खलफ उसाचा रस विकायचा. दुकानातला नवा चरक आईनेच घेऊन दिलेला.

"बाबा, अर्जात आईचं नाव राहिलंय."

"राहिलं नाही, ठेवलंय." खलफने चरकात ऊस सारला. "आणि हळू बोल, गिऱ्हाइकं उभी आहेत. तो शिपाई टपरीवर बसून अर्ज वाचतो. उद्या अख्खं गाव तुझ्या आईला नावाने ओळखेल!"

"मग मी तिच्याशी बोलू कशी?"

"शुक्रवारी माझ्या फोनवर बोलतेस की. मी असतोच ना शेजारी."

तीच तर अडचण होती.

रसायनशास्त्राचे उस्ताद वजदी समितीचे चिटणीस. म्हणून प्रत्येक मुलीच्या यादीत त्यांचं नाव पहिलं. तीन आठवडे ते हनादीला निरोप पाठवत होते. आधी गृहपाठाबद्दल, मग केसांबद्दल, मग 'डोक्यावरचा रुमाल काढून एक फोटो पाठव.' आईला सांगू नकोस, असंही त्यांनी बजावलं होतं. ती काळजी शाळेने आधीच घेतली होती.

बापाला सांगितलं तर उस्तादांचं काय होईल, हे तिला माहीत नव्हतं. आपली शाळा दुसऱ्या दिवशी बंद होईल, हे पक्कं माहीत होतं. टॅबवर तक्रारीचं बटण होतं. तिने दाबलं. तक्रारी चिटणिसांकडे जात. पोच ताबडतोब आली: 'आम्ही आपल्या सुरक्षेसाठी दक्ष आहोत.' पाठोपाठ दुसरा निरोप: 'रागावलीस का?'

दुसऱ्या दिवशी तिने कचेरीत जाऊन आपला अर्ज मागून घेतला आणि कोऱ्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: जमजम अब्दुल-आल. पुढे कुवेतचा नंबर. कारकुनाने अक्षर कुणाचं ते न बघताच नोंद केली. संध्याकाळी टॅबवरून उस्तादांचे सगळे निरोप आईकडे पोचले.

सकाळी जमजमने दवाखान्यातूनच शाळेला फोन लावला. मुख्याध्यापिका अब्ला इन्साफ शांतपणे म्हणाल्या, "बाई, बाहेरच्यांशी आम्ही मुलींबद्दल बोलत नाही."

"बाहेरची? मी तिची आई आहे!"

"फोनवर काय, कुणीही आई होतं."

"यादीत नाव आहे माझं. बघा जरा डोळे उघडून!"

कागद चाळल्याचा आवाज आला. "आहे. पण अक्षर वडिलांचं नाही. ही तर बनवाबनवी झाली!"

"आणि त्या मास्तरने काय लिहिलंय, ते वाचलंत?"

"ते यादीतले आहेत, बाई."

समिती तातडीने बसली. नियमभंगाचा गावातला हा पहिलाच प्रकार. चौकशी अनुभवी माणसाकडे, म्हणजे उस्ताद वजदींकडे सोपवली. हनादीचा टॅब जप्त झाला, नाव पटावरून निघालं. आता ती दुकानात, पडद्यामागे ग्लास विसळते. वार्षिक अहवालात नोंद आहे: 'बाह्य व्यक्तीशी संपर्क, एक. वेळीच रोखला.'

चौकशीचा पहिला प्रश्न होता: तेरा वर्षांची पोर मागे टाकून ही बाई कुवेतला गेलीच कशाला?

हाच प्रश्न मघाशी, ती नर्स आहे म्हटल्याबरोबर, तुमच्याही मनात आला होता ना? मग या. समितीत एक जागा रिकामी आहे.