ओला टॉवेल

कॉलेजच्या वेबसाइटवरचं वसतिगृह प्रवेशाचं पान नव्याने लिहायचं काम ऑफिसातल्या बाईंच्या गळ्यात पडलं. जुनं पान वाचून कुणाला काही कळत नव्हतं. "सोपं लिहा, आपुलकीनं लिहा," प्राचार्य म्हणाले. "ओळखीतलं एखादं मूल डोळ्यांसमोर ठेवा, आपोआप जमेल."

बाईंच्या डोळ्यांसमोर एकच मूल होतं, परगावी शिकणारा त्यांचा मुलगा. न विचारता विषय बदलला म्हणून बाई त्याला फोनवर नको ते बोलल्या होत्या. तेव्हापासून त्याने अबोला धरला होता. लिहायला बसल्या आणि बाईंचा हात थांबेना.

'अर्ज इथे भर. चुकलास तर पुन्हा भर, कुणी खात नाही. ओला टॉवेल पलंगावर टाकू नकोस. आणि रागावलास तरी उपाशी झोपू नकोस.'

शेवटच्या ओळी चहा पिऊन आल्यावर खोडू, असं त्यांनी ठरवलं. तेवढ्यात वेबसाइटवाल्याने पान चढवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी फोन खणखणू लागला.

"काकू, टॉवेल खिडकीत चालेल का?"

"काकू, मी जेवलो, पण रूममेट रुसलाय."

एका मुलीने तर नुसतं "बरं वाटलं" म्हणून फोन ठेवला. बाई एकट्या पुऱ्या पडेनात, म्हणून प्राचार्यांनीही एक फोन घेतला. "आधी जेवून घे, मग बोल!" असं त्या मुलाला दरडावलं आणि मग भानावर आले.

"बाई, हे कॉलेज आहे की आजोळ? त्या ओळी काढा आधी!"

बाई ओशाळून खोडायला बसल्या, पण बोट पुढे जाईना. पुन्हा फोन वाजला.

"हो रे बाबा, खिडकीत चालेल!" त्या वैतागून म्हणाल्या.

"वाळत घातलाय," ओळखीचा आवाज आला. "आणि जेवलोय."

बाईंनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. "तुला कुणी दाखवलं?"

"इथे सगळ्या पोरांच्या फोनवर फिरतंय. विचारत होते, कुणाची आई आहे ही? म्हटलं, माझी."

बाईंना हुंदका आवरेना. "माझं चुकलं रे. विषय तुझा, तूच ठरव."

"ते राहू दे. पण आई, अर्जाची शेवटची तारीख कुठाय? ती लिहिलीच नाहीयेस तू."

बाईंनी पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. खरंच नव्हती.

"फोन ठेवू नकोस," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "सांग, कुठे लिहू?"