निकम सर सांगलीला गेलेत

आमच्या शेजारचे निकम सर रोज सकाळी सांगलीला जायचे आणि घराचा उंबरा काही ओलांडायचे नाहीत.

साताऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. नऊच्या सुमारास दाढी करून, इस्त्रीचा शर्ट पँटीत खोचून, पट्टा आवळून ते दारात यायचे. "वहिनी, सांगलीला जाऊन येतो. दुधाचं बघा." एवढं बोलून मागं वळायचे, आतल्या खोलीच्या दाराशी चपला काढायचे, की झाले सांगलीत! सिलिंडरवाला आला की मी सांगायची, सर सांगलीला गेलेत. तो म्हणायचा, "आवं मावशी, मग आत खोकतंय कोण?"

आता हे प्रकरण सांगते. सर मूळचे पाटणचे, बोलणं अजून तिकडचंच. सांगलीकडच्या एका विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायचे. रिटायर झाले तरी तिथल्या मोठ्या कॉम्प्युटरची देखरेख त्यांच्याकडेच राहिली, कारण दुसऱ्या कुणाला ती नको होती. त्याला सर्व्हर म्हणतात. आपल्या घरच्या पडद्यावर त्याचा पडदा उघडायचा आणि बसल्या जागी त्याच्याकडून जंगी आकडेमोड करून घ्यायची. मला हे कळायला दोन दिवाळ्या गेल्या. सर म्हणाले, "खिडकी हितली, वहिनी, पण खोली सांगलीची. दुसऱ्याच्या खोलीत लुंगीवर जायचं का?" हे मात्र मला लगेच पटलं.

त्या सर्व्हरवर एका वेळी मोजक्याच माणसांना जागा. काम झालं की लॉग ऑफ करायचं. पण लोक नुसती खिडकी बंद करून उठतात आणि त्यांची जागा तिथं तशीच अडून राहते. त्यावर सरांचा जीव जायचा. "जेवून उठले, ताट तसंच! निरोप घेऊन निघायला काय हुतं?" विभागाच्या ग्रुपवर रोज त्यांचा एकच मेसेज, 'निरोप घेऊन निघा.' स्वतः लॉग ऑफ करताना ते मान लववायचे. मी खिडकीतून पाहिलंय.

तसा माणूस सगळीकडेच संख्याशास्त्री. द्राक्षं घेताना वरचा एक मणी, मधला एक, तळाचा एक, असा नमुना चाखणार. गाडीवाला एकदा म्हणाला, "सर, नमुन्यातच पाव किलो संपवलात की वो!" लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "एकच मुलगी दाखवली. एकीवरनं अंदाज कसा काढायचा?" भावंडं पाटणला, कधीमधी फोन. अभिमान म्हणाल तर एकाच गोष्टीचा. "माझ्या हातनं त्या यंत्राला एकदा बी धक्का लागला न्हाई, वहिनी."

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी ते आमच्याकडे धपाटे खायला बसले होते. बोटांना तूप, मोबाईल ताटाशेजारी. तो वाजायला लागला तो थांबेना. सर्व्हर बंद पडला होता. विभागप्रमुखांचं आठवडाभर चाललेलं गणित अर्ध्यात बुडालं होतं आणि त्यांनी ग्रुपवर विचारलं होतं, हे कुणी केलं? नाव कळलंच पाहिजे.

मी म्हटलं, "लाइट गेली असेल."

"न्हाई. कुणीतरी शट डाऊन दाबलंय. घरचा कॉम्प्युटर बंद करतो तसं. पण बंद हुतंय सांगलीचं यंत्र, सगळ्यांचंच. आता तिथं जाऊन बटन दाबल्याबिगर चालू व्हायचं न्हाई."

"पण दाबलं कुणी?"

सरांनी तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "शट डाऊन फक्त दोघांना दिसतं. एक मी."

"तुम्ही तर इथं जेवताय."

"व्हय."

दुसरी स्नेहल. लोणंदची मुलगी, विभागात नवी, तासांवर शिकवणारी. तिला एक सॉफ्टवेअर बसवायचं होतं म्हणून सरांनीच आठवड्यापुरती तिला आपल्यासारखी मुभा दिली होती. तिला पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, ते विभागप्रमुख त्याच आठवड्यात ठरवणार होते. आणि ग्रुपवर तीच विचारत होती, 'काय झालं सर? मलाही आत जाता येईना.' आपण केलंय हे तिच्या गावीही नव्हतं.

सरांनी बोटं पुसली आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'माझ्याकडून चुकून शट डाऊन झाले. क्षमस्व. बटन दाबायला निघतो.'

"अहो सर, हे काय केलंत?"

"मला आता कोण काढतंय, वहिनी? मी रिटायरच हाय."

ग्रुपवर हशा सुरू झाला. 'सर, निरोप जरा जास्तच घेतलात!' सरही हसले. मग विभागप्रमुखांचं उत्तर आलं. सरांचं वय झालं, उद्यापासून सर्व्हरची देखरेख स्नेहल मॅडम करतील. सरांनी ते दोनदा वाचलं, मोबाईल खिशात टाकला आणि एसटी धरून खरोखरच सांगलीला गेले.

सोमवारी सकाळी मी चहा घेऊन गेले तर सर बनियनवर पायरीवर बसलेले. तेवढ्यात फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर लावला. स्नेहल होती.

"सर, मला फार वाईट वाटलं. तुमचं काम काढून माझ्याकडे..."

"चांगलं झालं की गं. तू करशील नीट."

"चुकतं सर एखाद्या वेळी. मी सांगू का कसं करायचं ते?"

"सांग. पार सुरवातीपासनं सांग. काम झालं की तू काय करतीस?"

"सोपं आहे सर. डाव्या कोपऱ्यात खाली ते बंद करायचं चिन्ह असतं. त्यावर गेलं की आधी एकच यायचं, लॉग ऑफ. आता त्याच्यावर आणखी एक येतं. मी रविवारी त्यातलं वरचं..."

ती थांबली. सर कपात बघत राहिले.

"सर," तिचा आवाज अगदी बारीक झाला, "रविवारी दुपारी मी..."

"खालचं दाबायचं आसतं, व्हय ना?" सर घाईघाईनं म्हणाले. "आता आलं बघ माझ्या ध्यानात. म्हातारपणी असं हुतं. न्याहारी केलीस का गं?"

"अजून नाही सर," ती म्हणाली आणि फोन धरूनच राहिली. सरांनीही फोन ठेवला नाही.