एकट्याचा उजेड

"श्वास घ्या! धरा! आता कुणी हलायचं न्हाई!"

भर दुपारी गच्चीवरून आबा ओरडले आणि विश्रामबागेतली आमची अख्खी गल्ली थिजली. भाजीवालीचा तराजू अधांतरी राहिला, गाय रवंथ करायची थांबली, आणि रहिमतपूरची एसटी, शपथेवर सांगतो, अर्ध्या वळणात उभी राहिली. शेजारची पिठाची गिरणी तर आबांनी आधीच बंद करवली होती. गिरणी चालली की गच्ची थरथरते, आणि गच्ची थरथरली की फोटो हलतो.

फोटो कुणाचा? शेजारच्या आकाशगंगेचा.

आबा माझे घरमालक. फौजेच्या इस्पितळात वीस वर्षं एक्स-रे काढून पेन्शनीत निघाले आणि तळमजल्यावर स्वतःचं मशीन टाकून बसले. माणूस त्यांना तोंडावरून आठवत नसे. "ते डाव्या बरगडीचे पाटील," असं म्हणत. शिस्त फौजी. एका नव्या नवरीनं चुडा उतरवायला का-कू केलं, तर मोडक्या मनगटासकट तिला थेट मिरजेला धाडलं. "मशीनपुढं समदी सारखी."

चूक माझीच. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो. जवळच्या आकाशगंगांत काही ठिपके क्ष-किरणांनी इतके झगझगतात की साध्या ताऱ्याला ते झेपूच नये, असं चहा पिताना बोलून गेलो. कुणी म्हणतं, तिथं एकच अजस्र काळोखी वस्तू बसलीय. कुणी म्हणतं, जोडी आहे. एक दुसऱ्याचा वायू ओढून घेतो आणि त्या ओढाओढीत उजेड पडतो. अजून काही ठरलेलं नाही.

"जोडीच," आबा म्हणाले. "एकट्याचा येवढा उजेड पडत न्हाई, सर."

आणि पेटलेच. वरची हवा हे किरण गिळते, म्हणून उपग्रह पाठवावा लागतो, हे मी परोपरीनं सांगितलं. "आवं, मांसातनं आरपार जातंय ते. हवेची काय बिशाद?" क्ष-किरणांना दिवसरात्र नसते, एवढंच त्यांनी माझं ऐकलं. सलग अकरा दुपारी फिल्मची पेटी गच्चीवर. गिरणी बंद. गल्ली भातावर आली.

अकराव्या दिवशी त्यांनी मला डार्करूममध्ये नेलं. फिल्म धुतली. कोरी, खिडकीच्या काचेसारखी.

ती त्यांनी उजेडाच्या पेटीवर लावली. शेजारी एक जुनी फिल्म आधीपासूनच होती. बाईचा हात. मनगटावर बांगड्यांची वर्तुळं.

"आबा, बांगड्या कशा राहिल्या?"

"हिचा हात हाय. उतरव म्हटलं, तर म्हणाली, तुमी हाय तवर उतरवायच्या न्हाईत." त्यांनी फिल्मवरची धूळ बाहीनं पुसली. "बांगड्यांसकट गेली."

मास्तरकी अंगात मुरलेली, म्हणून नको तेच विचारलं. समजा, आबा, तिथं एकटाच असला तर?

आबांनी नवी फिल्म पेटीत भरली, खिट्टी लावली.

"गिरणीवाल्याला सांगा, उद्या बी बंद."