सगुणाचा गट

ठाण्याला स्पर्धेचे डॉक्टर सगुणाला तपासणार, हे कळल्यापासून तिच्या आईने, आवडाबाईंनी, तिला नव्याने चालायला शिकवायला घेतलं होतं. छोटी पावलं टाकायची, नजर खाली ठेवायची, म्हणजे डावा पाय ओढतो ते लाजण्यात खपून जातं. प्रत्येक स्थळाच्या वेळी त्यांनी हीच युक्ती केली होती. ती एकदाही लागू पडली नव्हती, हा भाग निराळा.

हे काही स्थळ नव्हतं. ब्याण्णव सालच्या अपंगांच्या जिल्हा स्पर्धा होत्या आणि भालाफेकीत पहिली येईल ती पुण्याला राज्य स्पर्धेला जाणार होती. सगुणाने वर्षभर पुण्याचाच ध्यास घेतला होता. आधी डॉक्टर प्रत्येकीला तपासून गट ठरवणार. कोणाचा हात अधू, कोणाचा पाय. कोणाचं कमी, कोणाचं जास्त. सारख्यांनी सारख्यांशीच लढावं, एवढा सरळ न्याय. पण पोरीतलं उणं परक्या माणसापुढे झाकायचं, हा कोळीवाड्यातला न्याय त्याहून जुना होता.

"काय त्रास आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

सगुणा तोंड उघडणार तोच आवडाबाई पुढे सरसावल्या. "काय नाय हो! धडधाकट हाय माजी पोर. मासळीची भरली पाटी एकटी उचलते."

"मग इथे कशाला आणलीत?"

आवडाबाई क्षणभर गडबडल्या. पाय सांगायचा नव्हता आणि पोरीला परतही न्यायचं नव्हतं. त्यांनी झटकन सगुणाचा डावा हात पुढे केला. होडीच्या दोरात सापडून त्याची दोन बोटं आखडली होती. "ही बोटं तेवढी. बाकी काय नाय."

बाहेर रांग वाढत होती. डॉक्टरांनी बोटं वाकवून पाहिली, सगुणाला हातवाल्या मुलींच्या सगळ्यात सौम्य गटात टाकलं आणि पुढचीला हाक मारली.

"काय केलंस गो आई!" बाहेर येताच सगुणा रडकुंडीला आली. "ह्या सगळ्या धावत येऊन फेकणार! मी उभ्याउभ्या काय करू? गेलं माझं पुणं!"

आवडाबाई तशाच आत धावल्या. "डॉक्टर, पाय पण हाय तिचा, जरासा..."

"आता आठवला होय?" डॉक्टर वैतागले. "दुपारी मैदानात बघतो. सरका."

दुपारी बाकीच्या मुली जोरात धावत आल्या आणि भाला फेकून गेल्या. सगुणा रेघेपाशी नुसती उभी राहिली. उजवा पाय रोवला, अंग कमरेतून मागे वळवलं. बापाबरोबर खाडीत जाळं फेकताना डोलत्या होडीत ती अशीच उभी राहायची. मग भाला सुटला. तो सगळ्यांच्या खुणा ओलांडून पार पलीकडे रुतला.

"हरकत आहे!" कल्याणच्या संघाचे तानाजी सर धावत आले. "हिला धावायचीसुद्धा गरज पडत नाही! ह्या पोरीत काही खोट नाही, बाद करा हिला!"

हे वाक्य कुणा परक्या पुरुषाच्या तोंडून ऐकायला आवडाबाईंचे कान वीस वर्षं आसुसले होते. आता एक जण ते ओरडून सांगत होता आणि पोरीचं पुणं बुडत होतं.

"कोण बोलतो खोट नाय?" आवडाबाई पदर खोचून मैदानात घुसल्या. सगुणापुढे फतकल मारून त्यांनी तिची पँट सर्रकन गुडघ्यापर्यंत वर ओढली. "हा बघा! दीड वर्षाची होती, पोलिओ झाला. जीव नाय ह्याच्यात. आता बोला!"

बोलता बोलता त्याच थांबल्या. तो वाळका पाय त्यांनीसुद्धा कित्येक वर्षांत उजेडात नीट पाहिला नव्हता. त्यांनी पायाकडे पाहिलं, मग लांबवर रुतलेल्या भाल्याकडे, मग पुन्हा पायाकडे.

"आई एकवीरे," त्या पुटपुटल्या, "ह्या पायावर?"

डॉक्टरांनी गुडघे टेकून तिच्या डाव्या पावलाला तळहात लावला. "ढकल माझा हात," ते म्हणाले. सगुणाने सगळा जोर लावला, पण पाऊल हललं नाही. डॉक्टरांनी चष्मा काढला. "मी हिला चुकीच्या गटात टाकलं," ते हळूच म्हणाले, "आणि त्या गटातही ही पहिली आली! पुण्याला हिच्या खऱ्या गटातून जाईल."

"माझी हरकत नाही," तानाजी सर कसेबसे म्हणाले. तेही वाकून पाहत होते. एव्हाना सगळं मैदान भोवती गोळा झालं होतं.

सगुणा लाजून लाल झाली. "आई, सोड ना आता! सगळे बघतायत."

आवडाबाईंनी पँट आणखी चार बोटं वर सरकवली.

"बघू दे," त्या म्हणाल्या.